गाण्याचे कुलूप आणि कायद्यातली वही

भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘६५-अ’ हे कलम नव्याने घातले गेले. गाण्याला, चित्रपटाला किंवा पुस्तकाला हक्कधारकाने घातलेले तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने कोणी तोडले, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, असे ते सांगते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक परंतुक आहे. माझ्या मते अख्ख्या कायद्यातली ती सर्वांत मजेदार तरतूद. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हरकत नाही. मात्र असे कुलूप उघडायला जो दुसऱ्याला मदत करील, त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कुलूप कशासाठी उघडले ते कारण, याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. सरळ अर्थ असा, की मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक वही हवी. गेली काही वर्षे मी बोदवड, भुसावळ, मलकापूर आणि जळगाव इथल्या अशा दुकानांत या वहीची चौकशी करत आलो आहे. वही कोणाकडे नाही. असे काही कलम आहे हे ऐकून दुकानदार आधी हसतात, मग मी सरकारी माणूस तर नव्हे ना, याचा अंदाज घेतात आणि मग चहा मागवतात.

ही वही का नाही, याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. विकत दिलेल्या गाण्यावर विकणाऱ्यानेच कुलूप घालावे ही कल्पना युरोप-अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजू लागली आणि २००० नंतर घराघरांत पोहोचली. तिकडचा ग्राहक कुलूप पाहून चिडला, भांडला, कोर्टात गेला आणि बऱ्याच अंशी त्याने ते काढायला लावले. तापीच्या खोऱ्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावांत मात्र शंभरेक वर्षे गाणे कुलपाशिवाय विकले गेले. पुढे कुलूप आले ते फोनमधून, आणि ते कुलूप आहे हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

सुरुवात तबकडीपासून करू. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले. त्या काळातल्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव स्वतःच पुकारतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. आजच्या भाषेत तो वॉटरमार्कच. पण कुलूप म्हणावे असे तबकडीवर काही नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. तबकडीची नक्कल करायची तर कारखाना लागे. १९०८ साली कोलकात्याच्या सियालदह भागात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला, पुढे दमदमचा आला. मुंबईत १९३५ पासून ‘यंग इंडिया’ची तबकडी निघू लागली. बोदवडच्या एखाद्या सरकीच्या व्यापाऱ्याने जळगावहून बालगंधर्वांची तबकडी आणली (बालगंधर्व लहानपणी जळगावातच महेबूबखाँकडे गाणे शिकले, हे आम्ही खानदेशी लोक सांगितल्याशिवाय राहत नाही), तर ती त्याची झाली. ती त्याने शंभरदा वाजवावी, व्याह्याला द्यावी, मोडीत विकावी किंवा मुलाच्या नावे ठेवावी. कंपनीला त्याचे काही सोयरसुतक नसे. कागदी लेबलच्या कडेने बारीक इंग्रजी अक्षरांत गोलाकार ताकीद असे, की परवानगीवाचून सार्वजनिक वादन, प्रक्षेपण किंवा नक्कल करू नये. ती वाचायला तबकडी हातात धरून फिरवावी लागे, त्यामुळे ती सहसा कोणी वाचत नसे.

एक अपवाद मात्र नोंदवतो, कारण पुढे जे झाले त्याची चाहूल त्यात आहे. पाथे या फ्रेंच कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्या आतून बाहेर वाजत आणि त्यांची खाच उभ्या चढउतारांची असे. त्यांना पोलादी सुई चालत नसे, गोल टोकाचा नीलमणी लागे. साहजिकच पाथेची तबकडी एचएमव्हीच्या यंत्रावर नीट वाजत नसे. हे मुद्दाम घातलेले कुलूप नव्हते, तरी परिणाम तोच होता. माल आपला, पण तो कोणत्या यंत्रावर वाजणार हे कंपनीच्या हातात. जुन्या बाजारात पाथेच्या तबकड्या स्वस्तात मिळत, त्याचे कारण यातच असावे असे मला वाटते.

हे सारे कॅसेटने उलटेपालटे केले. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आखातात कामाला गेलेल्या लोकांनी आणलेल्या टेपरेकॉर्डरांबरोबर. तबकडीला कारखाना लागत होता, कॅसेटला दोन टेप आणि एक वायर पुरे. ज्यांच्याकडे वायर नव्हती त्यांनी रेडिओसमोर टेप ठेवून, पंखा बंद करून, पोरांना गप्प बसवून गाणी भरली. माझ्या संग्रहात अशी एक कॅसेट आहे. तिच्यात भावगीताच्या दुसऱ्या कडव्यात प्रेशर कुकरची शिट्टी होते. त्यानंतर गाण्याच्या नंतरच्या कितीतरी चांगल्या मुद्रणांत ती शिट्टी नसल्याचे मला चुकल्यासारखे वाटते.

जिल्ह्याच्या आणि जंक्शनच्या गावांत ‘कॅसेट भरून देणारी’ दुकाने निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, ६० की ९० मिनिटांची ते सांगायचे आणि दोन दिवसांनी कॅसेट घेऊन जायची. यादी करणे ही एक कला होती. बाजू संपताना गाणे अर्धवट तुटू नये म्हणून शेवटी तीन मिनिटांचे गाणे ठेवायचे, हे पोरे अनुभवाने शिकली. मोठ्या कंपन्या गाफील असताना टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी कायद्यातल्या ५२(१)(जे) या कलमाचा आधार घेतला. एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे नोटीस आणि स्वामित्वशुल्क देऊन दुसऱ्याने नव्याने मुद्रित करावे अशी मुभा त्यात होती. ‘व्हर्शन’ कॅसेटचा पूर आला तो त्यातून. १९८४ साली कायदा कडक झाला. चोरट्या मुद्रणाची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली आणि ५२-अ या नव्या कलमाने प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर काढणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे केले. या पत्त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

कॅसेटवर एकच कुलूप होते, आणि ते गिऱ्हाइकाच्या सोयीचे होते. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असत. ते मोडले की त्या बाजूवर नवे काही भरता येत नसे. कंपनीच्या विकत आणलेल्या कॅसेटचे तुकडे आधीच मोडलेले असत. हेतू एवढाच, की चुकून गाणे पुसले जाऊ नये. पण ज्याला लग्नाचे भाषण भरायचे आहे आणि कोरी कॅसेट हाताशी नाही, तो त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवी आणि काम भागवी. विकत घेतलेल्या वस्तूच्या कुलपाशी आमच्या पिढीची पहिली गाठ पडली ती अशी, आणि किल्ली कंपासपेटीत होती.

तिकडे पश्चिमेत कंपन्यांची झोप उडाली होती. घरी टेप करणे म्हणजे संगीताचा खून, अशी मोहीम ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चालवली गेली; तिचे बोधचिन्ह होते कॅसेटच्या आकाराची कवटी आणि खाली दोन हाडे. डिजिटल टेप येणार म्हटल्यावर अमेरिकेतल्या सीबीएसने ‘कॉपीकोड’ नावाची युक्ती पुढे आणली. गाण्यातला ३,८४० हर्ट्झच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा कापून टाकायचा, आणि मुद्रणयंत्राला ती फट दिसली की त्याने मुद्रण थांबवायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ मध्ये तपासणी करून निर्वाळा दिला, की या कापण्याने गाण्यात फरक ऐकू येतो आणि युक्ती सहज चुकवताही येते. ती योजना तिथेच संपली. कुलपासाठी गाण्याचाच लचका तोडायला माणसे तयार झाली होती, म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

सीडीवर मुळात कुलूप नव्हतेच. १९८२ साली ती बाजारात आली तेव्हा घरच्या संगणकावर तिची हुबेहूब नक्कल होईल हे कोणाच्या स्वप्नात नव्हते. वीस वर्षांनी कंपन्यांनी ते मागाहून बसवायचा प्रयत्न केला आणि त्यातून काही विनोदी प्रकरणे घडली. २००२ मध्ये एका जातीच्या संरक्षित सीडीचे कुलूप कडेच्या रेघेवर साध्या मार्कर पेनने काळे फासले की निकामी होते, असे उघड झाले. अशा सदोष तबकड्यांवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ची मूळ मुद्रा छापता येणार नाही, असे खुद्द फिलिप्सने बजावले. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिले, की दुसऱ्या एका संरक्षणाला चुकवायला सीडी घालताना शिफ्टचे बटण दाबून धरणे पुरेसे आहे. कंपनीने त्याच्यावर खटल्याची धमकी दिली आणि हसे होऊ लागल्यावर मागे घेतली. २००५ चे प्रकरण मात्र हसण्यासारखे नव्हते. सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की मालकाला न सांगता एक लपलेला प्रोग्रॅम आत बसे. त्याच्या आडोशाला व्हायरसही लपू शकत. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघड केले, आणि काही आठवड्यांतच कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

याच काळात खरे डिजिटल कुलूप आले, ज्याला डीआरएम म्हणतात. ते कसे चालते हे आमच्या भागातल्या माणसाला गोदामाच्या भाषेत सांगता येईल. तुम्ही पैसे मोजून कापसाच्या गाठी घेतल्या. गाठी तुमच्या अंगणात आणून टाकल्या, पण त्या एका कुलूपबंद खोलीत आहेत आणि किल्ली मुंबईच्या पेढीवर. गाठ हवी झाली की पेढीवर निरोप धाडायचा. पेढीचा माणूस येऊन, तुमचे तोंड पाहून, खोली उघडणार. घर बदलले की पुन्हा निरोप. पेढी बुडाली की खोली कायमची बंद, आणि गाठी तुमच्याच अंगणात. गाण्याची फाइल अशीच सांकेतिक रूपात असते. तिची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती ठरावीक संगणकाला किंवा फोनलाच मिळते. ॲपलच्या दुकानातून २००३ पासून मिळणारी गाणी ठरावीक संगणकांवरच उघडत. मायक्रोसॉफ्टच्या कुलपाचे नाव तर ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे हमखास वाजणार. त्याच मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ‘झून’ हा स्वतःचा गाण्याचा खेळणा काढला, त्यात ही हमखास वाजणारी गाणी वाजत नसत. २००८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या गिऱ्हाइकांना कळवले, की ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या देणारे सर्व्हर बंद होतील. ओरड झाली आणि मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली. त्याच वर्षी याहूनेही आपले गाण्यांचे दुकान बंद केले. घेतलेली गाणी सीडीवर उतरवून ठेवा, असा सल्ला अशा वेळी दिला जाई. म्हणजे कुलपातून सुटायचा रस्ता कंपन्यांनाही तोच ठाऊक होता जो आम्हाला पंखा बंद करून ठाऊक झाला होता. जे कानाला ऐकू येते ते कुठूनतरी बाहेर पडतेच.

नॉर्वेसारख्या देशांत ग्राहक संस्थांनी ॲपलला खिंडीत गाठले. ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून कुलपे काढून टाकण्याची तयारी दाखवली, दोन महिन्यांत ईएमआय ही कंपनी राजी झाली आणि २००९ च्या जानेवारीत ॲपलने आपली गाणी कुलपाविना विकण्याची घोषणा केली. म्हणूनच डिसेंबर २०१२ मध्ये ॲपलचे दुकान भारतात उघडले तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाला गाण्यावर ते प्रसिद्ध कुलूप दिसलेच नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये काढलेल्या ‘फ्लाइट’ या दुकानातली एमपी-थ्री गाणीही बिनकुलपाची होती. वर्षसव्वा वर्षात, जून २०१३ मध्ये, ते दुकान गिऱ्हाइकांअभावी बंद झाले.

भारतात एक गोष्ट मुळातच उलटी होती, ती इथे सांगायला हवी. पश्चिमेतल्या कंपन्या सीडीला कुलपे बसवण्यासाठी धडपडत असताना आपल्या कंपन्या शंभर-शंभर गाण्यांच्या एमपी-थ्री सीडी उघडपणे, आपल्याच नावाने, बसस्टँडवर विकत होत्या. भक्तिगीते, भावगीते, जुनी मराठी चित्रपटगीते. कुलूप नाही, काही नाही. चोरट्या सीडीशी सामना किमतीने करायचा, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. चित्रपटांचेही तसेच. डीव्हीडीला कुलूप आणि देशोदेशीचे विभाग होते (आपला पाचवा), पण आमच्याकडे चालली ती व्हीसीडी, जिला कसलेच कुलूप नव्हते. मोझर बेअर या कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा भुसावळच्या फूटपाथवरचा चोरटा मालही त्याच भावात होता.

मग आमच्याकडे कुलूप आले कुठून? रिंगटोनमधून. २००५ च्या पुढेमागे तालुक्याच्या गावात फोन स्वस्त झाला आणि लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा डिजिटल गाणे पैसे देऊन विकत घेतले. त्या फाइलींवर ‘फॉरवर्ड लॉक’ असे. गाणे तुमच्या फोनवर वाजेल, पण ब्लूटूथने मित्राला पाठवू गेलात तर फोन नकार देई. नोकियाच्या काही फोनांत ‘ॲक्टिव्हेशन कीज’ नावाची एक यादीच होती. माझ्याकडे २००७-०८ मध्ये एका सेवेकडून पैसे भरून घेतलेल्या ११ फाइली अजून आहेत. फोन बदलला आणि किल्ल्या जुन्या फोनबरोबर गेल्या. नवी किल्ली देण्याची सोय नाही, असे ग्राहक सेवेवरून सांगण्यात आले. नंतर ती सेवाही राहिली नाही. फाइलींची नावे दिसतात, आकार दिसतो, वाजत नाहीत. कॉलर ट्यूनची तर याहून गंमत. तिथे गाणे दुसऱ्याला ऐकू येई, भाडे आपण भरायचे, आणि ते दरमहा आपोआप कापले जाई. आमच्या गल्लीतल्या कित्येकांना आपण कॉलर ट्यून घेतली आहे हेच ठाऊक नव्हते. शेवटी २०१३ मध्ये ट्रायने अशा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक केले.

या कुलपावरचा तोडगा कोणी शोधला नाही, लोकांनी ते नुसते ओलांडले. मेमरी कार्ड आले. ‘कार्डात गाणी मारून मिळतील’ अशी पाटी मोबाइलच्या प्रत्येक टपरीवर लागली. वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळे. त्यात हिंदी, मराठी, अहिराणी, कव्वाली, गोंधळ, डीजे असे सगळे एकाच फोल्डरात कोंबलेले. कॅसेट भरून देणाऱ्या जुन्या दुकानदाराचा हा वारसच, फक्त यादी करण्याची कला गेली. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेने माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांच्याकडे चाचेगिरीविरोधी कामाची सूत्रे दिली होती. छापे पडत, संगणक जप्त होत. महाराष्ट्राने आणखी कडक हत्यार काढले. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ साली केलेल्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ही आले. पुढे २०१५ मध्ये त्याच यादीत वाळू तस्कर दाखल झाले. गिरणेच्या आणि तापीच्या काठावरच्या माणसाला या यादीतला कोणता धंदा रात्री किती ट्रॅक्टर पळवतो हे सांगायला नको.

तरी कार्डवाल्याची बाजू घेताना मी थांबतो, कारण याच काळात आमच्याकडे एक लहानसा धंदा उभा राहत होता. मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ निघाला आणि खानदेशी व्हीसीडीचे पेव फुटले. अहिराणी गाण्यांच्या, विनोदी नाटुकल्यांच्या, कानबाईच्या गाण्यांच्या व्हीसीडी आठवडे बाजारात विकल्या जाऊ लागल्या. काढणारे कोणी मोठे नव्हते. बँडवाला, शिक्षक, लग्नाची शूटिंग करणारा, असे चार जण उसनवारी करून एक तबकडी काढत. ती बाजारात आल्यावर पुढच्या बाजाराला तीच गाणी मेमरी कार्डात फुकट असत. एचएमव्हीला किंवा टी-सिरीजला हा ओरखडा होता, यांचा मात्र गळाच कापला गेला. ज्यांना कुलपाची खरी गरज होती त्यांना ते परवडत नव्हते, आणि ज्यांना परवडत होते त्यांनी ते रिंगटोनवर घातले.

आता २०१२ च्या दुरुस्तीकडे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली म्हणून ती गाजली, पण ऐकणाऱ्यासाठी तिच्यात दोन गोष्टी होत्या. १९५७ च्या मूळ कायद्यात संशोधन किंवा खासगी अभ्यासासाठी जी सवलत होती ती साहित्य, नाटक, संगीतरचना आणि चित्र-शिल्पापुरती. ध्वनिमुद्रणाचा तिथे उल्लेख नव्हता. म्हणजे अक्षरशः वाचले तर आमच्या सगळ्या पंखा-बंद कॅसेटी कायद्याच्या छत्रीबाहेर होत्या. १९९४ मध्ये ‘खासगी वापर’ हे शब्द आले आणि २०१२ मध्ये संगणक प्रणाली सोडून ‘कोणतीही कृती’ सवलतीत आली. स्वतःच्या खासगी वापरासाठी विकत घेतलेल्या गाण्याची वाजवी नक्कल करण्याला कायद्याचा उघड आधार मिळाला तो तेव्हा, कॅसेट संपल्यावर. आणि त्याच दुरुस्तीने कुलपाचे ६५-अ कलम आणले. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपले कलम पुष्कळ समंजस आहे. तिकडे कुलूप तोडणे हाच मुळात गुन्हा, आपल्याकडे हक्कभंगाचा हेतू लागतो. पण ज्याला कुलूप उघडता येत नाही त्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, माझ्यासारख्याला किल्ली कोण देणार? कायदा उत्तर देतो, की मदत करणारा देईल आणि वहीत नोंद करील. किल्ली देणे कंपनीवर बंधनकारक करणारा शब्द मला त्या कलमात सापडला नाही.

आज कुलूप पुन्हा सगळीकडे आहे, फक्त विक्रीच्या जागी भाडे आले आहे. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ म्हणून जे साठवतो ते सांकेतिक फायलींचे गाठोडे असते, आणि २०२४ मध्ये एअरटेलचे ‘विंक’ बंद झाले तेव्हा तशी गाठोडी अनेकांच्या फोनांत होती. यात मला सारेगामाचा ‘कारवाँ’ अधिक प्रामाणिक वाटतो. पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीने २००० मध्ये सारेगामा हे नाव घेतले आणि २०१७ मध्ये ५,००० गाणी आत भरलेला हा रेडिओसारखा डबा काढला. पुढे मराठी गाण्यांचाही आला. त्यात पेन ड्राइव्ह लावून आपली गाणी वाजवता येतात, आतली मात्र बाहेर काढता येत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला नेट नको, पासवर्ड नको, बटण फिरवले की गाणे. कुलूप आहे, पण पेढी मुंबईत नाही, डब्यातच आहे.

मात्र या डब्यातही एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये दहा वर्षे वाढवली. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंचे उदाहरण घ्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. १ जानेवारी २०१३ पासून ते शब्द सर्वांचे झाले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची कविता गायली गेली. त्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२१ अखेर संपली. चालीचा हक्क निराळा, तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणजे एकाच गाण्यातल्या तीन पदरांच्या तीन तारखा आहेत. डब्यातल्या किंवा ॲपमधल्या कुलपाला तारीख एकही नाही. हक्क संपला म्हणून कुलूप आपोआप उघडावे, अशी व्यवस्था मी पाहिलेल्या एकाही यंत्रात नाही. अजून तरी जुन्या मुद्रणांच्या तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत आहेत. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने त्या जपल्या, त्यांच्या याद्या केल्या, त्यावर लिहिले. लाखेच्या तबकडीला कुलूप नव्हते म्हणून ते जमले. ज्या गाण्याची कुलपाबाहेर एकही प्रत नाही, त्याचे ६० वर्षांनी काय होईल हे संग्राहकाला ठरवता येणार नाही.

मी सध्या खानदेशी व्हीसीडी गोळा करतो. बऱ्याचशा बुरसटल्या आहेत, चंदेरी थर उडाला आहे, पण कुलूप नसल्याने जेवढे वाचते तेवढे उतरवून घेता येते. ऐकणे आणि अभ्यास यासाठी कायद्याची हरकत नाही. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या ग्रंथालयात त्या ठेवायच्या तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, आणि इथे १९८४ चे ते ५२-अ कलम कामी येते. वेष्टनावर नाव-पत्ता छापलेला असेल तर माणूस सापडतो. काही सापडले. एक जण आता केळीच्या ट्रकांचा हिशेब ठेवतो. त्याने परवानगी तर दिलीच, वर घरात उरलेल्या सात प्रतीही दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. पण बाजारात या तबकड्या वेष्टनाविना, नुसत्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात विकल्या जात, आणि तबकडीवरच्या चित्रात पत्त्याला जागा नसे. अशा २३ व्हीसीडी माझ्याकडे आहेत. त्यांतल्या चारांवर फोन नंबर आहे, तोही सहा आकडी, जुन्या लँडलाइनचा.